दातांना तार लावण्याआधी: नागपूरच्या पालकांचे आणि पेशंटचे नेहमीचे प्रश्न

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की नागपुरातल्या ऑर्थोडॉन्टिस्टच्या (वाकडे दात सरळ करणाऱ्या दंततज्ज्ञांच्या) दवाखान्यांत सातवी-आठवीच्या मुलांची गर्दी होते. आई-बाबांचे प्रश्न बहुतेक तेच असतात. पण खुर्चीपाशी उभ्या-उभ्या सगळं समजावून सांगणं होत नाही, आणि घरी गेल्यावर आजी, मावशी, शेजारच्या काकू असे चार जण चार गोष्टी सांगतात. म्हणून ही उत्तरं जरा सविस्तर लिहिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगते. या उपचारात डॉक्टरचं काम महिन्यातून एकदा, अर्ध्या तासाचं. उरलेला महिना ब्रश, खाणं, रबर हे सगळं मुलाच्या हातात असतं आणि उपचार चांगला होणार की रखडणार हे तिथेच ठरतं.

मुलाला पहिल्यांदा कधी दाखवायचं?

सातव्या वर्षाच्या आसपास. तोवर पक्क्या पहिल्या दाढा आणि पुढचे काही पक्के दात आलेले असतात, त्यामुळे जबडे एकमेकांवर नीट बसतात की नाही हे कळतं. दाखवायला आणलं म्हणजे लगेच तार लावणार, अशी भीती बाळगू नका. या वयातल्या बहुतेक मुलांना आम्ही काहीही न करता घरी पाठवतो आणि सहा महिन्यांनी किंवा वर्षाने परत बोलावतो.

आठ ते अकरा या वयात वरच्या पुढच्या दोन दातांत फट दिसते, शेजारचे दात पंख्यासारखे बाहेर झुकतात आणि आई घाबरते. वरचे सुळे उतरले की ही फट बऱ्याचदा आपोआप मिटते. तिथे घाई करण्यात अर्थ नसतो.

काही गोष्टी मात्र थांबून चालत नाहीत. खालचे पुढचे दात वरच्या दातांच्या बाहेर बसत असतील, तोंड मिटताना जबडा एका बाजूला सरकत असेल, किंवा दहा वर्षं उलटली तरी वरच्या सुळ्याचा उंचवटा हिरडीवर हाताला लागत नसेल, तर लवकर दाखवा. वरचा जबडा मागे राहिला असेल तर तो पुढे आणण्याचा उपचार सात ते दहाच्या दरम्यान जास्त चांगला लागू पडतो. खालचा जबडा मागे असेल तर वाढीचा जोर असतो तेव्हा काम करावं लागतं, म्हणजे मुलींमध्ये साधारण दहा ते बारा आणि मुलांमध्ये बारा ते चौदा. ही वेळ गेली तर पुढे दात सरळ करता येतात, पण जबड्याची वाढ वळवता येत नाही. मोठेपणी तेच काम शस्त्रक्रियेकडे जाऊ शकतं.

दुधाच्या दाढा किडल्या तर काय बिघडलं? त्या पडणारच आहेत ना?

दुधाची दाढ खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा धरून ठेवते. ती किडून वेळेआधी काढावी लागली की मागची पक्की दाढ पुढे सरकते, जागा कमी होते आणि नंतरचा दात अडकतो किंवा वाकडा येतो. तार लावायला येणाऱ्या कित्येक मुलांच्या गर्दीचं मूळ इथे सापडतं. दाढ वाचत असेल तर वाचवा. काढावीच लागली तर जागा राखणारी छोटी पट्टी बसवायची का, हे त्याच वेळी विचारा.

अंगठा चोखणं, तोंड उघडं ठेवून झोपणं, याने दात खरंच पुढे येतात?

येतात. तीन-चार वर्षांपर्यंत अंगठा चोखणं बहुतेक मुलं आपणहून सोडतात आणि त्याचा फारसा परिणाम उरत नाही. पक्के दात यायला लागल्यावरही सवय राहिली तर पुढच्या दातांत उभी फट पडते आणि वरचे दात बाहेर येतात. मिरची चोळणं, पाहुण्यांसमोर ओरडणं, हात बांधणं हे उपाय करू नका. मूल अजून घाबरतं आणि रात्री जास्त चोखतं. समजावून सांगा. तरीही सुटत नसेल तर सवय मोडणारं साधन तोंडात बसवता येतं.

तोंडाने श्वास घेणाऱ्या, घोरणाऱ्या मुलाला आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. नाकामागची गाठ वाढली असेल तर ती तशीच ठेवून नुसती तार लावण्यात अर्थ नाही.

तारेने दात सरकतो म्हणजे नेमकं काय होतं? दात कायमचे ढिले तर होणार नाहीत?

दात हाडात थेट रुतलेला नसतो. मुळाभोवती तंतूंचा पातळ थर असतो. तार हलका, सततचा दाब देते. ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड विरघळतं आणि मागच्या बाजूला नवं हाड तयार होतं. मधल्या काळात दात थोडा हलतो, ते अपेक्षितच आहे. उपचार संपल्यावर हाड पक्कं होतं आणि दात पुन्हा घट्ट बसतो.

हा वेग शरीर ठरवतं, महिन्याला साधारण एक मिलिमीटर. ‘डॉक्टर, जरा जास्त कसा, म्हणजे लवकर होईल’ असं पुष्कळ जण म्हणतात. जास्त दाबाने दात लवकर सरकत नाही, उलट अडतो आणि मुळाला इजा होऊ शकते. काही पेशंटमध्ये नेहमीच्या उपचारातही मुळांची टोकं थोडी झिजतात. ते बहुतेक वेळा किरकोळ असतं, पण लांबलेल्या उपचारात मध्येच एक्स-रे काढून बघितलं पाहिजे.

दात काढावेच लागतात का? वरचे दात काढले की नजर कमी होते म्हणतात.

नजरेचा आणि दात काढण्याचा काहीही संबंध नाही. डोळ्याला दृष्टी देणारी नस वेगळी, दातांना संवेदना देणारी नस वेगळी. हा समज विदर्भात घरोघरी आहे आणि त्यापायी कितीतरी मुलींचे उपचार अडून राहतात, म्हणून स्पष्ट लिहिते.

आता खरा प्रश्न. जबड्यात जागा कमी आणि दात मोठे असतील, किंवा दात इतके पुढे असतील की ओठ मिटताना हनुवटीवर ताण येतो, तर जागा करावी लागते. अशा वेळी बहुधा सुळ्यामागच्या पहिल्या उपदाढा काढतात आणि उपचार संपेपर्यंत ती जागा भरून येते. गर्दी थोडी असेल तर दातांच्या कडा किंचित घासून किंवा वाढत्या वयात जबडा रुंदावूनही जागा मिळते. सरसकट सगळ्यांचे चार दात काढणं चूक, आणि काहीही झालं तरी दात काढायचा नाही असा हट्टही चूक. दातांचे साचे, एक्स-रे आणि मोजमाप समोर ठेवून डॉक्टरांनी कारण सांगितलं पाहिजे. पटलं नाही तर दुसऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टचं मत घ्या. आम्हाला त्यात राग येत नाही.

तार लावतात त्या दिवशी काय होतं? इंजेक्शन देतात का?

इंजेक्शन लागत नाही. आधी दात पॉलिश करतात. गाल बाजूला धरणारं प्लास्टिक तोंडात बसवतात, ते मुलांना सगळ्यात जास्त विचित्र वाटतं. मग प्रत्येक दातावर एक रंगीत जेल लावतात. त्यात सौम्य प्रमाणात ॲसिड असतं, थेंब जिभेवर आला तर आंबट लागतं. अर्ध्या मिनिटाने धुऊन वाळवलं की दाताचा तेवढा भाग खडूसारखा पांढरा दिसतो. त्यावर चिकट द्रव, मग चिमट्यात धरलेलं तांदळाच्या दाण्याएवढं ब्रॅकेट (दातावर चिकटून तार धरणारा तुकडा), जागेवर दाबून निळ्या दिव्याने काही सेकंद घट्ट करायचं. असं एकेका दाताचं. त्या वेळी लाळ लागली तर ब्रॅकेट पुढे निघून येतं, म्हणून आम्ही मुलांना ‘हलू नको रे’ असं पुन्हा पुन्हा सांगतो. शेवटी ब्रॅकेटच्या खाचेत बारीक, लवचीक तार बसवून बारक्या रबरांनी बांधतात. ही पहिली तार निकेल-टायटॅनियमची असते. वाकवली तरी ती आपल्या मूळ आकाराकडे परत येते आणि येता येता दातांना ओढून घेते.

निकेलची ॲलर्जी असेल, नकली दागिन्यांनी अंगाला खाज सुटत असेल, तर आधी सांगा.

किती दुखतं?

बसवताना दुखत नाही. चार-सहा तासांनी दात ठणकायला लागतात, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, आणि आठवड्याभरात ओसरतं. ते दिवस वरण-भात, खिचडी, दही-पोहे, मऊ पोळी दुधात कुस्करून, असं द्या. गरज पडली तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल चालतं. घरात पडलेली दुसरी कोणतीही वेदनाशामक गोळी आपल्या मनाने देऊ नका. गाल-ओठ घासले जातात तिथे ब्रॅकेटवर मेण लावायचं, कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करायच्या.

काय खायचं आणि काय नाही?

तर्री-पोहे खुशाल खा, चणे मऊ शिजलेले असतील तर. सावजी रश्शाने तारेला काही होत नाही. मात्र हळद-मसाल्याने पारदर्शक रबरं एका जेवणात पिवळी पडतात, म्हणून दातांच्या रंगाची सिरॅमिक ब्रॅकेट लावलेल्यांनी फिकट रबरांचा आग्रह धरू नये. मटण खाताना नळी दातांनी फोडायची नाही, हाड चावायचं नाही. फुटाळा तलावावर भुट्टा घेतला तर दाणे काढून खा. पेरू, सफरचंद, गाजर चिरून, मागच्या दाढांनी. संत्र्याच्या फोडी चालतात, पण आंबट खाल्ल्यावर नुसती चूळ भरा, ब्रश अर्ध्या तासाने करा. संत्रा बर्फी चिकटते, तेव्हा खाल्ली की तोंड साफ करा.

पूर्ण बंद: चिक्की, कडक तिळगूळ, ऊस, फुटाणे, सुपारी, च्युइंगगम, गोळ्यातला बर्फ कडाकडा चावणं. पेनाचं टोपण आणि नखं चावणंही यातच धरा. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात निघालेली ब्रॅकेट घेऊन येणारी मुलं दरवर्षी दिसतात. दर वेळी ब्रॅकेट निघालं की तो दात मागे पडतो आणि उपचार लांबतो.

ब्रश कसा करायचा? तारेमुळे दात किडतात का?

तारेमुळे किडत नाहीत, तारेभोवती अडकलेल्या अन्नामुळे किडतात. ब्रॅकेट आणि हिरडी यांच्यामधली जी चिंचोळी पट्टी आहे, तिथे मुलांचा ब्रश पोचतच नाही. तिथे पांढुरका, पिठासारखा थर साचतो आणि काही महिन्यांत दातावर खडूसारखे पांढरे डाग उमटतात. तार काढल्यावर दात सरळ, पण प्रत्येक दातावर ब्रॅकेटभोवती पांढरी चौकट, असं तोंड बघून आम्हाला फार वाईट वाटतं. ते डाग पूर्णपणे जात नाहीत.

म्हणून ब्रश हिरडीकडे तिरपा धरून आधी ब्रॅकेटच्या वर, मग खाली, मग तारेखाली बारीक इंटरडेंटल ब्रश (फटींत जाणारा छोटा ब्रश) घालून. फ्लोराइडची पेस्ट वापरा, दंतमंजन नको. रात्रीचा ब्रश कितीही झोप आली तरी सोडायचा नाही, आणि मूल दहा-बारा वर्षांचं असेल तर आईने किंवा बाबांनी टॉर्च लावून एकदा बघायचं. हिरडीतून रक्त येतं म्हणून ब्रश बंद करणारी मुलं खूप आहेत. रक्त बहुतेक वेळा घाणीमुळेच येतं, तिथे आणखी हळुवार आणि आणखी नीट साफ करा.

आमच्या गावाकडच्या पाण्यामुळे दातांवर डाग आहेत. तार चिकटेल का?

चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग दिसतात. अशा दातांवर ब्रॅकेट सुटण्याचं प्रमाण जास्त असतं. डॉक्टर दात तयार करण्याची पद्धत त्याप्रमाणे बदलतात. उपचार होतो.

धातूच्या, सिरॅमिकच्या की अलाइनर?

धातूची ब्रॅकेट सगळ्यात मजबूत आणि स्वस्त, अवघड केसमध्येही भरवशाची. वाढत्या वयातल्या मुलांसाठी मी बहुधा तीच सुचवते. सिरॅमिक दातांच्या रंगाची, कमी दिसणारी, पण ठिसूळ आणि महाग. दातांच्या आतल्या बाजूने लावायचीही असतात. ती दिसत नाहीत, पण सुरुवातीला जिभेला त्रास होतो आणि खर्च बराच.

अलाइनर म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पट्ट्या. जेवताना काढता येतात, ब्रश सोपा. पण दिवसातले २० ते २२ तास घातल्या तरच उपयोग. शिस्तीच्या मोठ्या माणसाला त्या छान जमतात. ज्याला घरी रोज डबा विसरल्याबद्दल बोलणी बसतात त्या मुलाला देऊ नका. नागपूरसाठी एक खास सूचना: मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड आणि स्कूटीची डिक्की त्याहून कितीतरी तापते. तिथे ठेवलेली पट्टी वाकडी होते. वाकडी पट्टी दाताला चुकीच्या दिशेने ढकलते. ती गरम पाण्यानेही धुऊ नका.

तोंड न तपासता, एक्स-रे न बघता फक्त घरी घेतलेल्या साच्यावरून अलाइनर मागवू नका. हिरड्यांचा आजार किंवा हाडात अडकलेला दात साच्यात दिसत नाही.

दातांतली फट साध्या रबराने घरी बंद करता येते का? व्हिडिओत दाखवतात.

कधीही करू नका. दात मुळाकडे निमुळता असतो, त्यामुळे रबर हळूहळू हिरडीखाली सरकतं आणि दिसेनासं होतं. आत ते हाड खात जातं. किडीचा डाग नसलेले, धडधाकट दात अशाने हातात आलेले आहेत. कोणी असं रबर लावलं असेल आणि ते ‘हरवलं’ असेल तर त्याच दिवशी दाखवा.

किती दिवस लागतील? खर्च किती?

सर्वसाधारण केसला दीड ते दोन वर्षं, अवघड असेल तर त्याहून जास्त. दर चार ते सहा आठवड्यांनी यावं लागतं. वरून खाली लावायची रबरं दिली असतील तर ती जेवण-ब्रश सोडून दिवसरात्र लावायची आणि रोज बदलायची. रबरं न लावणाऱ्या मुलाचा उपचार महिनोन्महिने एकाच जागी उभा राहतो. पालक डॉक्टरला दोष देतात आणि रबरांचं पाकीट दप्तरात तसंच असतं. म्हणून सुरू करण्याआधी मुलाला विचारा. त्याला स्वतःला दात नीट व्हावेत असं वाटत नसेल तर सहा महिने थांबा. आईच्या हौसेवर दोन वर्षं तार टिकत नाही.

खर्च केसवर आणि प्रकारावर ठरतो, म्हणून इथे आकडा देत नाही. पण पैसे भरण्याआधी हे लिहून घ्या: एक्स-रे, दात काढणं, निघालेलं ब्रॅकेट पुन्हा बसवणं आणि शेवटचा रिटेनर (तार काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणारं साधन) या रकमेत आहे की वेगळा? बहुतेक दवाखाने हप्ते देतात. आरोग्य विम्यात हा उपचार सहसा बसत नाही.

शासकीय दंत महाविद्यालयात होतो का?

होतो. मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, परिसरातल्या शासकीय दंत महाविद्यालयात ऑर्थोडॉन्टिक्सचा स्वतंत्र विभाग आहे, हिंगणा रोडकडच्या खासगी दंत महाविद्यालयांतही आहे. खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी. एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) करणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात, काम तपशिलात होतं. वेळ मात्र जास्त द्यावा लागतो, सकाळी येऊन थांबावं लागतं आणि उपचार लांबला तर मधेच डॉक्टर बदलू शकतात. उमरेड, काटोल, भंडाऱ्याहून येणाऱ्यांनी शाळेची सुटी आणि बसच्या वेळा धरून तारखा मागून घ्याव्यात.

कुठेही जा, उपचार करणाऱ्याने बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीनंतर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये तीन वर्षांचं एमडीएस केलं आहे का, हे विचारा. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारण्यातही संकोच नको.

दहावीनंतर मुलगा कोट्याला किंवा पुण्याला जाणार आहे. आता सुरू करू का?

नववीत असेल आणि केस लांबणारी असेल तर नीट विचार करा. तार लावून गाव सोडणं आणि मग चार-चार महिने न दाखवणं सगळ्यात वाईट. आठवीत सुरू केलं तर बहुधा अकरावीच्या आधी संपतं. जावंच लागलं तर एक्स-रे, साचे, फोटो आणि उपचाराची टिपणं बरोबर द्या, तिथला डॉक्टर आधी ठरवा. बोर्डाच्या पेपरच्या आठवड्यात नवी तार बसवून घेऊ नका.

माझं वय २६, घरचे लग्नाचं बघताहेत. उशीर झाला का?

वयाची अट नाही, हिरड्या आणि हाड निरोगी हवं. चाळिशीतलेही उपचार घेतात. फक्त ‘सहा महिन्यांत करून द्या’ असं म्हणू नका. किरकोळ वाकडेपणा तेवढ्यात सुधारू शकतो, बाकीचं नाही. तारीख ठरली तर समारंभापुरती तार काढून पुन्हा बसवता येते, आधी बोला. आणि दात पुढे आहेत म्हणून मुलीला नाकारतील, या भीतीने कोणी ढकलत आणलं असेल तर मी त्या मुलीशी आधी एकटीशी बोलते. तिची इच्छा असेल तरच पुढे जायचं.

कॉलेजात खर्रा खाणं सुरू झालंय. तार लावली तर चालेल?

खर्र्यात सुपारी आणि तंबाखू दोन्ही असतात. सुपारीने ब्रॅकेट निघतात, हा त्यातला सगळ्यात छोटा तोटा. तोंड कमी उघडायला लागतं, गालाच्या आतली त्वचा पांढरी आणि ताठ होते, पुढे कर्करोगाचा धोका. तिखट झोंबत असेल किंवा तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर तारेचा विचार बाजूला ठेवा आणि आधी ते तपासून घ्या. आई-बाबांसमोर सांगता येत नसेल तर डॉक्टरला एकट्याला सांगा.

तार टोचतेय, ब्रॅकेट निघालं, चुकून गिळलं. काय करू?

टोचणाऱ्या टोकावर मेण लावा आणि फोन करा. निघालेलं ब्रॅकेट तारेवर लटकत असेल तर ओढू नका. गिळलेलं ब्रॅकेट बहुतेक वेळा शौचावाटे निघून जातं. मात्र त्यानंतर खोकला थांबत नसेल, श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर दातांच्या दवाखान्यात न येता थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

तार काढली, दात सरळ झाले. आता रिटेनर कशाला?

कारण दात परत फिरतात. हिरडीतले तंतू ताणलेले असतात, नवं हाड अजून कच्चं असतं. सुरुवातीचे काही महिने रिटेनर जवळपास दिवसभर, नंतर रोज रात्री. ‘किती वर्षं?’ असं विचाराल तर जितकी वर्षं दात सरळ हवेत तितकी. खालच्या पुढच्या दातांच्या मागे बारीक तार चिकटवण्याचा पर्याय आहे, पण तिच्याभोवती घाण साचते, तेव्हा सफाई हवी.

जेवताना काढलेला रिटेनर टिश्यूत गुंडाळू नका. लग्नाच्या पंगतीत आणि हॉटेलात बहुतेक रिटेनर असेच पत्रावळीबरोबर जातात. डबीतच ठेवा, दुसरी जागा नाही.

रिटेनर हरवला किंवा आता घट्ट बसतोय, तर?

हरवला तर त्याच आठवड्यात नवा करून घ्या. काही दिवस न घातल्यामुळे थोडा घट्ट वाटत असेल पण पूर्ण बसत असेल, तर काही रात्री सलग घाला, सैल होईल. बसतच नसेल तर जोर लावून दाबू नका. दात सरकलेले आहेत, तो रिटेनर डबीत घालून घेऊन या.